छुपा कॅमेरा की खटल्याचे कागद?

गोव्यातल्या मुलांच्या लैंगिक शोषणावर आणि देहव्यापारावर माहितीपट करायचा विचार असेल, तर दोन वाटा समोर येतात. गिऱ्हाईक बनून छुपा कॅमेरा न्यायचा, किंवा निकाली निघालेल्या खटल्यावरून फिल्म उभी करायची.

छुप्या कॅमेऱ्याची ताकद मोठी आहे. दलाल भाव सांगताना दिसला की प्रेक्षक हादरतो. पण तुम्ही मागणी केलीत म्हणून एखादं मूल तुमच्यासमोर आणून उभं केलं, तर तुम्ही उठून गेल्यावर त्याचं काय होणार? शिवाय गुन्हा कळला की पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे पोलिसांना सांगावंच लागतं. ‘आधी फिल्म पुरी होऊ दे’ चालत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कागदांची वाट संथ आहे. नकला, परवानग्या, निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी खेटे. पण हाती काय लागतं बघा. मडगावात मुलांचं आश्रयगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला 1991 मध्ये अटक झाली, 1996 मध्ये शिक्षा. त्याच्याकडे सापडलेले फोटो आणि निगेटिव्ह हाच मोठा पुरावा ठरला. पुढे 2003 मध्ये गोवा बाल कायदा आला. फोटो धुताना मुलांची अश्लील चित्रं आढळली तर स्टुडिओवाल्यानं पोलिसांना कळवावं, असं त्यात लिहिलंय. हॉटेलच्या खोलीत कुटुंबीयांबरोबर नोंद नसलेल्या मुलाला प्रवेश नाही, हेही. काउंटरवरची नोंदवही, खोलीची किल्ली, मॅनेजरचा थबकलेला हात: एवढ्यावर प्रसंग उभा राहतो आणि एकाही मुलाला कॅमेऱ्यापुढे यावं लागत नाही.

पीडित मुलांच्या मुलाखती दोन्ही वाटांवर खुणावतात. त्याबद्दल कळकळीनं सांगतो. आम्ही एकदा एका मुलीचा चेहरा धूसर केला, आवाजही बदलला. कच्ची प्रत पाहताना फोंड्याची एक मावशी पटकन म्हणाली, “हे अमक्याचं घर!” मागे अंगणातलं तुळशीवृंदावन दिसत होतं, निळ्या रंगाचं, एक कोपरा फुटलेलं. तो प्रसंग आम्ही सगळाच काढून टाकला. पोक्सोचं कलम 23 नावाबरोबर घर, शाळा, शेजार ओळखू येईल असं काहीही दाखवू देत नाही, आणि आईबापांनी सही दिली म्हणून त्यातून सूट मिळत नाही. गोव्यात तर वाड्यावाड्यात ओळखी.

माझा कौल कागदांना. आणि शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून मुलांसोबत काम करणारी एक समाजसेविका तुमच्या गाडीत असू द्या. कधी थांबायचं ते तिनं ठरवायचं.