वृक्षलागवड आधी की वृक्षओळख?

लोकांना झाडांजवळ आणायचे दोन मार्ग आपल्याकडे रुळले आहेत. पहिला, जुलैतली वृक्षलागवड. तिचा आवाका प्रचंड. राज्याने २०१६ साली १ जुलैला एकाच दिवसात २ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं, २०१९ साली जुलै ते सप्टेंबर अशा तीन महिन्यांसाठी ते ३३ कोटींवर गेलं. शाळा, कार्यालयं, अख्खी गावं एकदम घराबाहेर पडतात, ही ताकद मोठीच.

पण खड्ड्यात कोणतं रोप चाललंय, हे किती जण विचारतात? भराभर वाढतं म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं. झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं. टेकडी लांबून हिरवी दिसते, पण त्या दाटीत इथल्या गवताला, झुडपांना जागा उरत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधली वृक्षओळख फेरी. वीस-पंचवीस माणसं, दोन तास, बस्स. पळस, पांगारा, काटेसावर पानं गाळून फुलांनी पेटलेले असतात. मैना आणि सूर्यपक्षी मधासाठी झोंबत असतात. एखादं उंबर फोडून दाखवावं. फुलं फळाच्या आतच असतात आणि आतले चिमुकले कीटकच परागीभवन करतात, हे दुसरीतल्या पोरालाही कळतं. आणि ते पोर घरी जाऊन सगळ्यांना सांगतं!

फेरीला माणसं कमी येतात, हे खरं. तरी माझं मत ठाम आहे: आधी फेरी, मग कुदळ. राज्यफूल ताम्हण एकदा डोळे भरून पाहिलेला माणूस रोपवाटिकेत नाव विचारून रोप घेतो, आणि एप्रिलच्या उन्हात त्याला पाणी घालायला परत येतो.