२८ एचपीला स्लॅशर चार फुटी की पाच फुटी?

द्राक्षबागेत रोटाव्हेटर न मारता गवत कापून ओळीतच अंथरायचं ठरवलं, की पहिला प्रश्न स्लॅशरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून फिरत्या पात्यांनी गवत कापणाऱ्या यंत्राच्या, मापाचा येतो. मिनी ट्रॅक्टरला दुकानदार दोन्ही लावून देतो, चार फुटी आणि पाच फुटी. मी २८ एचपीवर दोन्ही चालवलेत. पाच फुटी पाहुण्यांचा होता, चार फुटी माझा आहे.

पाच फुटीची बाजू लंगडी नाही. नऊ फुटी ओळीत बोद (वेलींखालचे मातीचे उंच वरंबे) सोडले तर मधे साडेपाच-सहा फूट उरतात, ते तो एका फेरीत उरकतो. चाकंही त्याच्या रुंदीत झाकली जातात. चार फुटीने जाताना एका बोदाला धरून जायचं, येताना दुसऱ्या. वेळ जातो, डिझेलही जातं. गवत घोट्याएवढं असताना मला कुणी विचारलं असतं, तर मीही पाच फुटीच म्हणालो असतो.

पण खरी कापणी ऑगस्टात असते. इंजिन २८ एचपीचं असलं तरी पीटीओला (मागच्या यंत्राला फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या शाफ्टला) साधारण ८५ टक्के, म्हणजे २४ च्या आसपास पोचतात. उंच, ओल्या गवताला फुटामागे पाच एचपी धरायचे हा ढोबळ हिशेब. चार फुटीला २० झाले, पाच फुटीला २५. गुडघाभर गाजरगवत आणि खाली हराळीची जाळी लागली की इंजिन दबतं, पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे टिकत नाहीत आणि पाती कापायचं सोडून गवत ओरबाडतात.

एवढ्यावरून मी पाच फुटी सोडला नसता, खालच्या गिअरमध्ये हळू चालवून निभतं. मला नको झालं ते क्लचचं. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला क्लच दाबला की चाल आणि पीटीओ दोन्ही इंजिनापासून सुटतात. इंजिन दबलं म्हणून क्लच दाबावा, तर नेमकी तेव्हाच पाती मंदावतात आणि ओल्या गवताचा गठ्ठा आत तसाच राहतो. ओळीच्या टोकाला उलटं होतं. गवत विरळ, पाती भरात, आणि क्लच दाबूनही त्यांचा जोर शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये येऊन ट्रॅक्टरला पुढे रेटतो. समोर मांडवाच्या ताणाची तार असते आणि मी ब्रेकवर जवळजवळ उभा. चार फुटीतही रेटा आहे, पण पाय टेकला की ट्रॅक्टर थांबतो.

ड्युअल क्लच असेल तर ही तक्रार तुम्हाला बहुधा लागू होणार नाही, कारण अर्ध्या क्लचवर चाल थांबते आणि पाती फिरत राहतात. आंब्याच्या रुंद ओळी असतील, गवत कोवळं असतानाच कापायची सवय असेल, तर पाच फुटी घ्यायला हरकत नाही. सिंगल क्लच आणि पावसात लांबणारी कापणी असेल, तर मात्र मी चार फुटीच सांगेन.

कोणताही घ्या, पीटीओ शाफ्टला ओव्हररनिंग क्लच, म्हणजे एकाच दिशेने जोर जाऊ देणारा जोड, बसवून घ्या. मी चार फुटीलाही बसवलाय. त्याने मागून येणारा रेटा तुटतो. दबणाऱ्या इंजिनाचं दुखणं मात्र त्याने जात नाही. तो बसवल्यावर शाफ्ट लांबतो, म्हणून स्लॅशर वर उचलून आणि खाली टेकवून दोन्ही वेळा शाफ्ट पूर्ण आत दबत नाही ना, ते पाहा. दबत असेल तर शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या दोन्ही नळ्या सारख्याच मापाने कापून घ्याव्या लागतात.