व्यायामशाळेतला दोरीचा मल्लखांब वर्ग (मुलींसाठी), नाशिक

गेल्या गणपतीत आमच्या मंडळापुढे या व्यायामशाळेच्या मुलींनी प्रात्यक्षिकं केली. एक मुलगी दोरीवर अधांतरी शवासनात पडली होती. डोळे मिटलेले, जणू घरच्या गादीवर झोपलीये. माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "आई, हे तर सोप्पंय." दसऱ्याला नाव घातलं.

पहिला दीड महिना तिला दोरीवर चढूच दिलं नाही. सूर्यनमस्कार, बैठका, कमान, आणि जमिनीवर पडलेली दोरी पायाच्या बोटांनी उचलायची, शंभर वेळा. मी वैतागले होते, फी कशाची भरतोय आपण? मग शिकवणाऱ्या ताईंनी समजावलं. दोरीला गाठ मारायची नसते. अंगाभोवती तिचा वेढा घ्यायचा आणि पायाचा अंगठा नि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती धरून ठेवायची. चिमटी सुटली की खाली.

चढायला लागल्यावर गुडघ्यामागे आणि मांडीला सालटं निघाली. रात्री खोबरेल लावताना पोरगी ओठ घट्ट मिटून बसायची आणि पहाटे साडेपाचला तीच मला उठवायची. आता अंगठ्याच्या आतल्या बाजूला हरभऱ्याएवढा घट्टा आहे. ती तो मैत्रिणींना दाखवते.

ताई दोरीखालून हलत नाहीत, हातात मोबाइल नसतो. पोर वर कळवळली की एकच शब्द, "चेहरा!" पोरगी लगेच कपाळावरची आठी सोडते. मल्लखांबाचे आद्य गुरू मानले जाणारे बाळंभटदादा देवधर आपल्याच जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे. सप्तशृंगी गडावर तपश्चर्या करून त्यांनी दुसऱ्या बाजीरावापुढे अली पैलवानाला हरवलं, ही गोष्ट ताईंकडून ऐकावी. त्यातही कुस्ती दोन वाक्यांत उरकतात, गडावरच्या मेहनतीचं मात्र रंगवून सांगतात.

उणीव एकच, पण मोठी. मुलींना कपडे बदलायला धड खोली नाही. जुन्या सामानाच्या कोपऱ्यात पडदा लावलाय, तोही अपुरा. मोठ्या मुली यामुळेच गळतात. कार्यकारिणीला दोनदा अर्ज दिला, तिसरा देणार आहे. पावसाळ्यात पत्रा गळतो, दोरी ओली झाली की वर्ग बंद.

तरी आठ-नऊ वर्षांची मुलगी असेल तर बिनधास्त घाला. सकाळी सहाची बॅच चांगली, मुली कमी असतात.

यंदाच्या गणपतीत लेकीचा मिनिटभराचा संच आहे. शवासन मात्र ताईंनी तिला अजून दिलेलं नाही.