बोटीच्या गाद्या बदलून घ्यायच्या असतील तर नागपुरातल्या सेंट्रल एव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतले हे काका

गेल्या वर्षी मार्चमध्ये एक आजी आमच्या बोटीत बसल्या, एक चक्कर मारून उतरल्या आणि बघते तर लुगड्याचा मागचा सगळा भाग ओला, वर पिवळट डाग. पाऊस नव्हता, लाट नव्हती, सीटला हात लावला तर कोरडी. म्हणजे पाणी गादीच्या पोटात होतं आणि माणूस बसला की दाबानं शिवणीतून वर यायचं. आजी बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, त्यांच्या सुनेनं टॉवेल गुंडाळून दिला, पण मला इतकं वाईट वाटलं की तिकिटाचे पैसे परत दिले आणि त्याच संध्याकाळी दिराला म्हटलं, भाऊजी, या गाद्या आता काढायच्याच.

आमची बोट छोटी आहे, फायबरची, मोटरवाली, रामटेककडच्या एका तलावावर चालते, आम्ही राहतो नागपुरात. तीन बाकं, ४२ इंच बाय १६ इंच, ३ इंच जाडीची गादी, शिवाय पाठीला टेकायच्या दोन. त्या गाद्या काही फार जुन्या नव्हत्या हो, दीड वर्षापूर्वीच नागपुरातल्या एका सोफावाल्याकडून ६,५०० रुपयांत करून घेतल्या होत्या. नाव नाही लिहित, माणूस वाईट नाही, त्याचे सोफे चांगले असतात. पण त्यानं "वॉटरप्रूफ आहे वहिनी, बिनधास्त रहा" म्हणून सांगितलं आणि आम्ही बिनधास्त राहिलो.

काढायला बसलो तेव्हा कळलं काय होऊन राहिलं होतं ते. गाद्या खालून स्क्रूनं बसवलेल्या, साधे लोखंडी स्क्रू, सगळे गंजून फायबरला चिकटलेले. दिरानं रात्रभर केरोसीन सोडून ठेवलं, सकाळी बहुतेक निघाले, चारांची डोकी तुटली ती ड्रिलनं काढावी लागली (फायबरवर ड्रिल हळू चालवा, जोर दिला की तडा जातो). मग प्लायच्या मागचे स्टेपल. ते तर हाताला लागताच भुगा, जिथे होते तिथे रेक्झिनवर तांबडे डाग. प्लाय साधा कमर्शियल, त्याचे पापुद्रे सुटून भिजलेल्या वहीसारखे झालेले. आणि आतला फोम! वास असा की दिरानं तोंडाला रुमाल बांधला. बाजूच्या किराणावाल्याच्या काट्यावर एका बाकाचा नुसता फोम ठेवला तर ११ किलो. तेवढाच कोरडा फोम ३२ डेन्सिटीचा (म्हणजे एका घनमीटरला ३२ किलो भरणारा) घेतला तर साधारण १ किलो भरतो. म्हणजे तीन बाकांत मिळून ३० किलो पाणी आम्ही सीझनभर फिरवत होतो, पेट्रोल जाळून.

नवीन करायला निघाले तेव्हा आधी दोन दुकानं पाहिली. दोघांनीही रेक्झिनचं कॅटलॉग समोर टाकलं, रंग कोणता पायजे ते विचारलं. तिसरे हे काका. सेंट्रल एव्हेन्यूच्या मागे एका गल्लीत बसतात, बोर्ड नाही, समोर ऑटोच्या सीटा आणि जिमच्या बाकाच्या गाद्या रचलेल्या दिसल्या की तेच दुकान. त्यांनी कॅटलॉग काढलंच नाही. जुनी गादी उलटी केली, खालचा प्लाय अंगठ्यानं दाबून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, पाणी तर येणारच, तलावावर आहे तुमची बोट. ते जाईल कुठून ते सांगा." मी म्हटलं काका, पाणी जाऊच नये म्हणून तर रेक्झिन लावतो ना. तर म्हणाले, रेक्झिन वॉटरप्रूफ आहे, शिवण नाही. सुईनं जेवढे टाके घातले तेवढी भोकं पाडली, वरून पाणी त्या भोकांतून आत जातं आणि खाली प्लाय आणि रेक्झिन गच्च स्टेपल केलेलं, मग ते बाहेर येईल कसं. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. काम यांनाच द्यायचं तिथेच ठरलं.

आता त्यांनी काय काय केलं ते सविस्तर सांगते, कारण दुसरीकडे करून घ्यायचं असेल तरी हे मागून घेता येईल.

खाली २ इंच बंद छिद्राचा फोम, योगा मॅटसारखा, पाणी पीतच नाही. पण त्यावर बसलं तर टणक लागतं, म्हणून वर १ इंच ४० डेन्सिटीचा मऊ फोम. गादीच्या खालच्या बाजूला रेक्झिनऐवजी नायलॉनची जाडसर जाळी, आणि प्लायला १२ एमएमची ड्रिल मारून प्रत्येक बाकाला आठ भोकं. आत गेलेलं पाणी जाळीतून, भोकातून खाली बोटीत, तिथून बाहेर. शिवाय मागच्या पट्टीला दोन प्लास्टिकचे आयलेट (भोकाला बसवायच्या कड्या), हवा जायला. हे मला आधी माहीत नव्हतं. जाड माणूस धपकन बसला की आतली हवा कुठून तरी निघणार, वाट नसली तर शिवण फाडून निघते. आमच्या जुन्या गाद्या कोपऱ्यांवर उसवल्या होत्या त्याचं कारण हेच.

प्लाय १२ एमएमचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, त्यावर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असतो, तो दुकानात बघून घ्यायचा, नुसतं तोंडी मरीन म्हणतात त्यावर जायचं नाही. भोकांच्या आतून आणि कडांना त्यांनी दोन हात वॉर्निश लावायला लावलं, प्लाय पाणी पितो तो कडेनंच. दोरा पॉलिस्टरचा (जुना सुती होता, उन्हानं आणि ओलीनं कुजला, नखानं तुटत होता). स्टेपल स्टेनलेस स्टीलचे, स्क्रूपण. चेन प्लास्टिकच्या दातांची. टाके लांब घेतले, एका इंचात सहा-सात. मी म्हटलं काका बारीक शिवा ना, मजबूत होईल, तर म्हणाले रेक्झिनला बारीक टाका मारला की पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांवर फाटतं.

जुनी कव्हरं फेकू नका हे मी सगळ्यांना सांगून राहिली आहे. काकांनी प्रत्येक तुकडा उसवून, त्यावर पेननं नंबर आणि पुढची बाजू लिहून, तोच नवीन रेक्झिनवर ठेवून आखला. आमच्या बोटीचं पुढचं बाक एका बाजूला दीड इंच निमुळतं आहे, ते टेपनं मापून कोणाच्याच लक्षात आलं नसतं. फोम मापापेक्षा पाव इंच मोठा कापला म्हणजे कव्हर ताणून बसतं, सुरकुती पडत नाही, आणि सुरकुती नसली की पाणी साचत नाही.

कव्हर चढवतानाचं काम तर मी उभी राहून पाहिलं. एप्रिलचा महिना, दुपारचे बारा. शिवलेलं कव्हर त्यांनी आधी समोरच्या टिनावर दहा मिनिटं उन्हात टाकलं, ते पापडासारखं होतं ते एकदम मऊ पडलं. मग फोमला पातळ पॉलिथिन गुंडाळलं, त्यावरून कव्हर सरकवलं, सर्रकन आत गेलं, आणि शेवटी एका टोकानं पॉलिथिन ओढून काढून घेतलं. कोपऱ्यात हात घालून फोमचं टोक बरोबर शिवणीच्या टोकाला नेऊन बसवलं, बाहेरून तळव्यानं दोनदा थोपटलं, बास. थंडीत हेच काम दुप्पट वेळ घेतं म्हणे.

रंग मी निळा मागितला होता, बोटीला शोभतो म्हणून. काकांनी हातात काळा, निळा आणि फिका राखाडी असे तीन तुकडे दिले आणि उन्हात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांनी निळ्यावर हात टेकवत नव्हता. मे महिन्यात हाफ पँट घातलेलं लेकरू त्यावर बसलं असतं तर? राखाडी घेतला.

खर्च सगळा मिळून १२,२०० रुपये. रेक्झिन ६ मीटर ३,६००, हे बाहेर उन्हात वापरायचं असतं ते, साधं घेतलं तर स्वस्त पडेल पण नागपूरच्या उन्हात कडक होऊन तडकतं. फोम ३,०००, प्लाय १,९००, दोरा-चेन-स्टेपल-स्क्रू ५०० आणि मजुरी ३,२००. सोफावाल्याच्या जवळपास दुप्पट झाले, मान्य आहे. पण ते ६,५०० दीड वर्षात कचऱ्यात गेले ना.

आता जे आवडलं नाही तेही. पाच दिवस सांगून नऊ दिवस लागले आणि त्यात आमचा एक अख्खा शनिवार-रविवार बोट उभी राहिली, उन्हाळ्याच्या सुटीत हे नुकसान लहान नाही. फोन दुपारी दोननंतर उचलतच नाहीत, म्हणजे नाहीतच. पक्कं बिल देत नाहीत, वहीच्या कागदावर हिशोब. आणि एका पाठीच्या गादीचा गोट वाकडा लागला होता, लांबून दिसत होता. दाखवला तर कुरकुर केली नाही, माझ्यासमोर उसवून दुसऱ्या दिवशी नवीन लावून दिला, एक रुपया जास्त घेतला नाही. पण वेळेच्या बाबतीत त्यांनी सुधारलं पाहिजे, हे मी त्यांना तोंडावरही सांगितलं.

त्यानंतर अख्खा पावसाळा गेला. जुलैत तीन दिवस सलग पाऊस होता, ताडपत्री उडून गाद्या उघड्या पडल्या. चौथ्या दिवशी ऊन आलं तेव्हा मी मुद्दाम पांढरा टॉवेल टाकून त्यावर पाच मिनिटं बसले. कोरडा! दिवाळीच्या आधी एक बाक उघडून पाहिलं, आत वास नाही, स्टेपल चकचकीत, प्लायची कड जशीच्या तशी. मागच्या कोपऱ्यात बुरशीचे थोडे काळे ठिपके आले होते, ते मऊ ब्रश आणि भांड्याच्या साबणानं गेले. ब्लीच लावू नका, काकांनी बजावून सांगितलं आहे, दोरा कमजोर होतो. आणि गाद्या काढून ठेवायच्या असतील तर आडव्या ठेवू नका, उभ्या टेकवा.

एक अजून, हे काकांशी संबंधित नाही पण लिहिते. बंद छिद्राचा फोम पाण्यावर तरंगतो म्हणून आमच्याकडे एका गिऱ्हाईकानं लाइफ जॅकेट घालायला नकार दिला, म्हणे गादी आहे ना. गादी धरायला माणूस शुद्धीवर आणि हात मोकळे असावे लागतात. जॅकेटशिवाय आम्ही बोट सोडत नाही.

जायचं असेल तर सकाळी दहा ते एकमध्ये जा, जुनी गादी सोबत न्या, नुसता फोटो दाखवून ते भाव सांगत नाहीत. आमच्या दुसऱ्या बोटीची चार बाकं येत्या सोमवारी छोट्या हत्तीत (टेम्पोत) टाकून त्यांच्याकडेच नेणार आहे, यावेळी तारीख वहीत लिहून घेऊन.