सेल्मर मार्क सिक्स की यामाहा ६२?

नाशिकच्या एका ऑर्केस्ट्राच्या तालमीत हे दोन्ही टेनर सॅक्सोफोन एकाच वादकाकडून, एकाच माउथपीसवर (फुंकायचं तोंड) आणि एकाच रीडवर (त्यावरची कंप पावणारी पातळ पट्टी) ऐकले. ही अट हवीच, कारण माउथपीस बदलला की निम्मा आवाज तिथेच बदलतो.

मार्क सिक्स पॅरिसचा, १९५४ पासून साधारण वीस वर्षं बनलेला. जॅझवादक जॉन कोल्ट्रेननं वाजवलेला तो हाच. मधल्या सप्तकात आवाज भरीव, किंचित घोगरा; फुंक कमी केली तरी सुराचा गाभा टिकतो. गायिकेची पट्टी काळी एक, म्हणजे सी शार्प; टेनरचे सूर एक स्वर वरच्या नावानं लिहितात, म्हणून टेनरवर डी शार्प. अंतऱ्यानंतरचा तुकडा मार्क सिक्सनं असा उचलला की ढोलकीवालाही हात आवरून वाजवू लागला. सगळ्यात खालचा सूर, बी फ्लॅट, मात्र हळू फुंकताना थरथरला.

यामाहा सरळमार्गी. वरचे-खालचे सूर एकाच रंगाचे, सुरात चोख, आवाज उजळ. वरातीत, ताशाच्या दणक्यात तोच घ्यावा. संथ गाण्यात मला तो जरा कोरडा वाटला.

पाच आकडी सीरियल नंबरच्या, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या सेल्मरला शौकीन जास्त पैसे मोजतात. आवाज काही नंबर बघून येत नाही. रोज कार्यक्रम असतील तर यामाहा, रेकॉर्डिंगला सेल्मर, तोही पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) तपासूनच.