मनाली-लेह, पीबीपी की रॅम: कुठली राइड जास्त टफ आणि तुम्ही कुठली घ्यावी

२०० किमीची बीआरएम (सायकलने ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) झाली, ३०० झाली, पुणे-महाबळेश्वर एका दमात करून झालं की डोक्यात किडा वळवळायला लागतो, आता काहीतरी मोठं करू. मग ग्रुपवर फिरून फिरून तीन नावं येतात. मनाली-लेह, पीबीपी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, आणि रेस अक्रॉस अमेरिका उर्फ रॅम. त्यातली टफ कुठली यावर चहाचे किती कप संपले त्याला गणती नाही. मला विचाराल तर तिन्हीत त्रास वेगवेगळ्या जागी होतो, लेहला फुप्फुसाचे हाल, पीबीपीला झोपेचे आणि रॅमला मान, बूड, डोकं, बँक बॅलन्स सगळ्याचेच, त्यामुळे आपलं शरीर (आणि घर) कुठे आधी हात टेकतं ते बघून ठरवा.

आणि कोणी स्वतःला फार लोखंडी समजत असेल तर त्याला १९२६ ची टूर द फ्रान्स सांगायची. पिरेनीजमधला ३२६ किमीचा एक टप्पा, बायोन ते लुशाँ, अंधारात सुरू झाला, वर पाऊस, खाली चिखल, रस्ते कच्चे, आणि जिंकणाऱ्या बुइसला १७ तासांच्या वर लागले. गिअर बदलायचा तर खाली उतरून मागचं चाक काढून उलटं लावायचं, कारण डिरेलरला (चालत्या सायकलवर गिअर बदलणारी यंत्रणा) त्या रेसमध्ये १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती. असो, ते आपल्या नशिबात नाही, बरंच आहे.

तर मनाली-लेह. जुन्या रस्त्याने रोहतांगवरून गेलात तर साधारण ४७५ किमी, लोक आठ-दहा दिवसांत करतात. रोजचे ५०-६० किमी ऐकून पुण्या-मुंबईचा रायडर हसतो, आम्ही तेवढं ब्रेकफास्ट राइडला करतो म्हणतो. आणि पायांचं बघाल तर खरंच फार अवघड नाहीये, सिंहगड किंवा कसारा नेमाने चढणाऱ्याला तिथला चढ झेपतो, उलट आपले घाट जास्त खडे आहेत. प्रॉब्लेम हवेचा. महाबळेश्वर जेमतेम १३५० मीटर, आणि तिथे रोहतांगच ३९७८, मग बारालाचा ४९०० च्या आसपास, नकी ला (ला म्हणजे खिंड), मग लाचुंग ला ५००० च्या वर, आणि शेवटचा तांगलांग ला ५३०० च्या पुढे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा. महाराष्ट्रात कितीही घाट मारा, याची प्रॅक्टिस होत नाही, आणि गंमत म्हणजे फिट माणसालाच जास्त धोका कारण पाय चालतायत म्हणून तो पुढे पुढे जात राहतो. जिस्पा ३२०० च्या आसपास, तिथून सरचू ४२०० च्या वर, बरेच जण ही उडी घाईने मारतात आणि सरचूच्या तंबूत रात्रभर डोकं धरून बसतात. डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर वर चढायचं नाही, बरं वाटत नसेल तर सरळ खाली यायचं, इथे जिद्द वगैरे दाखवायची नसते.

दुसरं म्हणजे नाले. सकाळी घोट्यापर्यंत असलेलं पाणी दुपारी बर्फ वितळला की गुडघ्यापर्यंत येतं, म्हणून पहाटे निघायचं आणि नाले उरकून घ्यायचे. सरचूच्या पुढे गाटा लूप्स लागतात, २१ वळणं, आणि तिथे एक छोटंसं देऊळ आहे ज्याच्याभोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग पडलेला असतो. तिथे अडकून तहानेने मेलेल्या ट्रकच्या माणसाचं भूत पाणी मागतं अशी गोष्ट आहे, म्हणून ट्रकवाले बाटली ठेवून जातात. चढताना आपल्याकडची बाटली संपत आलेली असते आणि समोर हा ढीग, हात शिवशिवतात, पण कोणी उचलत नाही! पांगच्या पुढे मोरे प्लेन्स, दिसायला सपाट, पण समोरून वारा सुटला की सपाटीवर ग्रॅनी गिअर (सगळ्यात हलका) टाकायची वेळ येते.

या राइडची चांगली बाजू म्हणजे घड्याळ नाही. एक दिवस जास्त थांबलात तर कोणी बाद करत नाही. (लेहला पोचून खारदुंग ला करणारच असाल तर करा, पण तिथल्या जुन्या पाटीवरचे १८,३८० फूट मनावर घेऊ नका, जीपीएसने तो १७,६०० च्या आसपास भरतो. फोटो पाटीसोबतच काढायचा अर्थात.)

पीबीपी एकदम उलट. तिथे घड्याळ म्हणजेच सगळं. १८९१ पासूनची राइड, आता दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये असते, मागची २०२३ ला झाली म्हणजे पुढची २०२७. साधारण १२०० किमी, जास्तीत जास्त ९० तास. त्यात जेवण, झोप, पंक्चर, बाथरूमची लाइन सगळं आलं. गणित केलं तर ताशी १३ किमीच्या थोडं वर, कागदावर हास्यास्पद वाटतं, आणि तिथेच लोक फसतात. रस्ता सपाट नाही, सतत वर-खाली, एकही घाट म्हणावा असा नाही पण एकूण चढ ११-१२ हजार मीटरच्या घरात जातो. आणि खरा वेळ जातो तो कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या चेकपॉइंटवर. सायकल लावा, कार्डवर शिक्का घ्या, कँटीनच्या लाइनीत उभे राहा, चार्जिंगला जागा शोधा, बघता बघता पाऊण तास. आपले रायडर सायकल चालवण्यात कमी पडत नाहीत, थांबण्यात जास्त वेळ घालवतात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आपल्या इथल्या बीआरएमला मिसळपावपाशी काय चालतं ते बघितलं की पटेल. दुसरा दणका थंडीचा. ऑगस्ट म्हणून लोक पातळ जॅकेट घेऊन जातात आणि रात्री पारा दहाच्या खाली. २०१९ ला आपल्याकडून मोठी तुकडी गेली होती, ब्रेस्टकडे जाताना समोरून वारा आणि रात्री गारठा, बऱ्याच जणांचं वेळेत झालं नाही. पण गावागावात लोक रात्री दोन वाजता घरासमोर टेबल मांडून कॉफी आणि केक देतात, लहान पोरं टाळ्या देतात, हे सुख बाकी दोन्हीकडे नाही.

एंट्रीसाठी त्याच वर्षी २००, ३००, ४००, ६०० अशी पूर्ण सुपर रॅन्डोनर सिरीज लागते, १३.५, २०, २७ आणि ४० तासांत. ती सगळी इथेच करता येते, म्हणजे विमानाचं तिकीट काढायच्या आधीच घरच्या रस्त्यावर कळतं की आपलं पाणी किती आहे.

आता रॅम. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४८०० किमी, सोलोला १२ दिवस. म्हणजे रोज ४०० किमी, आज, उद्या, परवा, सलग. पीबीपीत निदान चौथ्या दिवशी सुटका असते. इथे आधी वाळवंटाचा भाजका, मग कोलोरॅडोत ३३०० मीटरची वुल्फ क्रीक खिंड, मग कॅन्ससचा न संपणारा सरळ रस्ता, आणि शेवटी सगळं संपत आलं असं वाटताना अ‍ॅपलेशियनचे खडे चढ. दिवसाला दोन-तीन तास झोप, सात-आठ दिवसांनी मेंदू खेळ करायला लागतो. पाच वेळा जिंकलेला स्लोव्हेनियाचा युरे रोबिच रस्त्याकडेच्या पोस्टबॉक्सशी मारामारी करायला सायकलवरून उतरायचा म्हणतात. आणि मानेचं तर वेगळं नावच पडलंय, शर्मर्स नेक, १९८३ ला मायकल शर्मर या रायडरची मान अशी गेली की डोकं वर धरता येईना. त्यानंतर कितीतरी जणांनी हनुवटीखाली पट्टे, फोम, काठ्या बांधून उरलेलं अंतर काढलंय. पाय शाबूत, आणि समोरचा रस्ताच दिसत नाही, विचार करा.

हे सगळं असूनही आपली माणसं करून आलीत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन २०१५ ला दोघांच्या टीममध्ये नऊ दिवसांच्या आत, २०१७ ला आर्मीचे डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ सोलो, दोघंही मुदतीला काहीच तास राखून. हे सगळे डॉक्टरच कसे हे मला पडलेलं कोडं आहे, बहुतेक रेसिडेन्सीत झोपेशिवाय राहायची सवय लागत असावी. २०१९ ला नवी मुंबईचे कबीर राचुरे आले तेव्हा जरा बरं वाटलं, ते वकील.

पण रॅममध्ये तुमच्याइतकंच तुमच्या क्रूचं काम असतं. आठ-दहा माणसं, दोन-तीन गाड्या, रात्री मागे गाडी चिकटून हवीच. त्या सगळ्यांची सुट्टी, व्हिसा, तिकिटं, जेवण. खर्च कितीतरी लाखांत जातो आणि सातव्या दिवशी मान गेली की सगळं तिथेच संपलं.

तर माझं म्हणणं असं. नोकरी आहे, घरी पोरं आहेत, वर्षातून पंधरा दिवसांची सुट्टी मिळते, रात्री सायकल चालवायला भीती वाटत नाही, तर पीबीपी घ्या. तयारी इथेच होते आणि फसलं तरी कोणाचं फार नुकसान नाही. रात्रीची राइड अजिबात जमत नाही किंवा कट-ऑफ म्हटलं की पोटात गोळा येतो, तर लेह, पण मनालीत दोन दिवस, जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री असा वेळ धरूनच प्लॅन करा, सात दिवसांत उरकणाऱ्या टूरवाल्याकडे जाऊ नका. दमा किंवा बीपी असेल तर आधी डॉक्टर. टायर निदान ३५ मिमीचे, रोड बाइक घरीच ठेवा.

रॅमचा किडा असेल तर आधी पुणे-गोवा डेक्कन क्लिफहँगर करा, साडेसहाशेच्या आसपास किमी, रॅमची क्वालिफायर आहे, आणि क्रू गाडी मागे असताना आपण किती चिडतो ते तिथे एका रात्रीत कळतं. त्याहून चांगलं म्हणजे कोणा दुसऱ्याच्या क्रूमध्ये एकदा जा. रात्री तीनला गाडी ताशी २० ने चालवत समोरच्या माणसाला केळं आणि शिव्या पुरवून झाल्यावरही सोलो जावंसं वाटलं, तर मग खर्चाचं बोलू.