पुण्याचा जुना बाजार: आरएक्सवाल्यांनी जायलाच पाहिजे
यामाहा आरएक्स १०० या बाईकचं प्रॉडक्शन १९९६ ला बंद झालं, त्यामुळे ओरिजिनल पार्ट म्हणजे शोधाशोधच. माझ्याकडे काकांच्या गाडीची फक्त चेसिस आणि आरसी होती, बाकी बरंचसं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून जमवलं, बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी लवकर जा नाहीतर चांगला माल उचललेला असतो. टाकी, मडगार्ड, हेडलाइटचा डोम सगळं मिळालं आणि टाकी आतून एकदम कोरी, मोबाईलचा टॉर्च मारून बघितली, गंजाचा ठिपका नाही. पण एका ठिकाणी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) घाईत घेतला आणि फसलो, त्याच्या आत वर-खाली सरकणाऱ्या स्लाइडवर उभे ओरखडे होते, गाडी आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, नीट चालेचना, दुसरा घ्यावा लागला. स्लाइड बाहेर काढून बोट फिरवून बघाच. क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) घेताना त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवा, जरा जरी खडखडला तरी सोडून द्या. इंजिन अख्खं घेणार असाल तर कागद मागा, नंबर आरसीवर चढवायला आरटीओची परवानगी लागते, कागद नसेल तर कितीही स्वस्त असू दे, हात लावू नका. घासाघीस करावीच लागते. पहिल्या किकला तो टिपिकल आवाज आला तेव्हा काका नुसते सायलेन्सरजवळ उभे राहिले, काही बोललेच नाहीत.